पाणी खोटं बोलत नाही

लालबुंद टोमॅटो दिसला की कुणाला सार आठवतं, कुणाला भाव विचारावासा वाटतो. आमच्या नानाकाकांना रुमाल आठवतो. ते टोमॅटो उचलतात, ठेल्यावरच्या पिवळ्या बल्बपासून दूर नेतात, उत्तरेकडे तोंड करून उभे राहतात, डोळे बारीक करतात आणि म्हणतात, "हं. रंग जरा जास्तच खरा वाटतोय."

अशी माणसं घरोघरी असतात. कुणी दुधाचा थेंब नखावरून ओघळवून बघतो, कुणी पाचशेची नोट ट्यूबलाइटला धरतो, कुणी हळदीकुंकवाच्या वाणातल्या स्टीलच्या वाटीला चुंबक लावतो. यांच्या लेखी जगात वस्तूंच्या दोनच जाती. भेसळीच्या, आणि अजून सापडायच्या राहिलेल्या. पण बहुतेकांचा हा जोडधंदा असतो. नानाकाकांचं ते पूर्णवेळ व्रत आहे, आणि त्याला शास्त्राचं पाठबळ आहे.

काका गिरणीतले. परळच्या एका गिरणीच्या डाईंग खात्यात ते कोवळ्या वयात चिकटले आणि १९८२च्या संपापर्यंत तिथेच होते. संपानंतर गिरणी गेली, मग डोंबिवलीच्या एमआयडीसीत एका प्रोसेस हाउसमध्ये उरलेली नोकरी झाली. गिरणीत कापडाचा रंग पक्का आहे की नाही ते बघायला क्रॉकमीटर नावाचं यंत्र असे. त्याच्या बोटाला पांढरं सुती कापड बांधायचं, रंगवलेल्या कापडावर दहा वेळा पुढेमागे घासायचं, एकदा कोरडं आणि एकदा ओलं. पांढऱ्या कापडाला किती रंग लागला ते ग्रे स्केलवर मोजायचं. एक म्हणजे सत्यानाश, पाच म्हणजे डाग नाही. काका निवृत्त झाले, क्रॉकमीटर तिथेच राहिलं, पण ते बोट काकांबरोबर घरी आलं.

त्यांच्या खिशात कायम दोन रुमाल असतात. उजव्या खिशातला नाकाचा, डाव्या खिशातला कामाचा. कामाचा रुमाल म्हणजे पांढऱ्या मलमलीचा चौकोन. तो पाण्यात बुडवायचा, तर्जनीला गुंडाळायचा आणि वस्तूवर मोजून दहा घिस्से. मोजणी मोठ्याने. मंडईत काका "सात… आठ…" म्हणायला लागले की आजूबाजूची गिऱ्हाइकं हात आखडून घेतात, निकाल लागेपर्यंत कुणी पिशवी पुढे करत नाही. दहा झाले की रुमाल उत्तरेकडे धरायचा. उत्तरेकडेच का, तर गिरण्यांच्या करवती छपरांच्या काचा उत्तरेला असत. तो उजेड सकाळ-दुपार सारखा राहतो, त्यात शेड फसवत नाही. डोंबिवलीतल्या त्यांच्या फ्लॅटला उत्तरेकडे एकच खिडकी आहे आणि ती संडासाची. त्यामुळे काकूंनी नवी साडी आणली की ती आधी कुठे जाते, हे आमच्या घरात कुणी पाहुण्यांसमोर बोलत नाही.

निकाल मात्र ते सहसा शब्दांत देत नाहीत. आकडा सांगतात. "साडेतीन." "चार, कोरडं. ओलं अडीच." आणि सगळं पार पडल्यावर, रुमालाची घडी घालताना, ते ठरलेलं वाक्य: "पाणी खोटं बोलत नाही."

या माणसाला वेडा म्हणावं तर डोंबिवली आडवी येते. जानेवारी २०१४मध्ये तिथे हिरवा पाऊस पडला. फेब्रुवारी २०२०मध्ये एमआयडीसीतला रस्ताच्या रस्ता गुलाबी झाला, मुख्यमंत्र्यांना तो बघायला यावं लागलं. काका त्यांच्या आधी पोचले होते. आकाशातून रंग पडतो आणि डांबरावर रंग चढतो अशा गावात भेंडीवर संशय घेणं हा शहाणपणाच म्हणायला हवा. भेंडीला आणि मिरचीला मॅलॅकाइट ग्रीन लावतात, हळदीत मेटॅनिल यलो असतो, रताळ्याला ऱ्होडामिन बी फासतात, सुके वाटाणे भिजवून हिरवे करून ताजे म्हणून खपवतात. हे काकांच्या डोक्यातून आलेलं नाही, सरकारी अन्नतपासणीच्या पुस्तिकांतही त्यासाठी कापसाचे बोळे आणि पाण्याचे ग्लास सांगितलेले आहेत. काकांचं म्हणणं एवढंच की कापूस धागे सोडतो, मलमल सोडत नाही.

तपासणीचे तुकडे ते जपून ठेवतात. जुन्या डायरीत एकेक चौकोन डकवलेला, खाली बारीक अक्षरात नोंद. "भेंडी, फडके रोड, निर्दोष." "जांभळाचं सरबत, लग्न, ठाणे. गुन्हेगार." "देवघरातलं कुंकू. बोलायची सोय नाही." आणि त्यांचा एक गुण सांगायलाच हवा. माल चांगला निघाला तर ते तसं भर बाजारात, ज्या आवाजात घिस्से मोजले त्याच आवाजात सांगतात. फडके रोडची एक भाजीवाली त्यांच्यासाठी पाण्याचा तांब्या भरून ठेवते. नवं गिऱ्हाईक घासाघीस करायला लागलं की ती म्हणते, "ताई, ह्या भेंडीवर नानांचा रुमाल फिरलाय." त्यावर पाच रुपये जास्त घेते. काकांना हे माहीत नाही.

आता तुम्ही वाट बघत असाल की काकांचे स्वतःचे केस काळे निघणार. नाही. ते पंचेचाळिशीत पांढरे झाले आणि पांढरेच आहेत. काकू मात्र कलप लावतात आणि काका रोज सकाळी त्यांच्या उशीचा अभ्रा नुसता बघतात. तिथे आकडा बोलून दाखवायचा नाही असं लग्नाच्या रौप्यमहोत्सवी वर्षी ठरलेलं आहे. फक्त भुवई उचलायची. काकूंना भुवईवरून आकडा कळतो.

रंगपंचमीला आम्हा मुलांसाठी पळसाची फुलं रात्रभर भिजवून केशरी पाणी करून देणारे हेच काका. ऑइलपेंट लावायला आलेल्या टोळीला त्यांनी जिन्यातच अडवून पिगमेंट आणि डाय यातला फरक इतका सविस्तर समजावला होता, की ती मुलं पुढची दोन वर्षं आमच्या बिल्डिंगकडे फिरकली नाहीत.

सगळ्यात मोठा घोळ मंजूच्या लग्नात झाला. मंजू म्हणजे काकांची एकुलती एक. सीमांतपूजनात काकांनी वराचे पाय धुतले, टॉवेलने टिपले. नवरदेवाच्या पायांत तासभर नव्या लाल मोजड्या होत्या. टॉवेल गुलाबी झाला. काकांनी तो सवयीने उजेडाकडे धरला आणि गुरुजींच्या मंत्रात एक श्वासाची जागा मिळाली तेवढ्यात, जरा खेदाने, स्वतःशीच म्हणाले, "दोन." जावईबापूंनी ते ऐकलं. मुलगा शिकलेला, अमेरिकेत नोकरीला, न्यू जर्सीत घर घेतलेला. त्याने तो आकडा मनात ठेवून दिला आणि सासऱ्यांशी अतिशय अदबीने वागायला लागला. अदब इतकी की मंजूला काळजी वाटे.

पुढे मंजूचं बाळंतपण आलं आणि काका-काकू न्यू जर्सीत, त्यांच्या एडिसनच्या घरी गेले. काकूंच्या बॅगेत डिंक, अळीव, खारीक. काकांच्या बॅगेत मलमलीचे बारा चौकोन. मुलगी झाली. काकूंनी लगेच बर्फीची तयारी काढली. पण तिकडे बाप झालेल्या माणसाने ऑफिसात सिगार वाटायची जुनी रीत आहे, म्हणून जावईबापू संध्याकाळी एक लाकडी पेटी घेऊन आले. स्वतः ते वर्षातून एखादा ओढतात, तोही मागच्या अंगणात, बायको झोपल्यावर. त्यांनी मोठ्या कौतुकाने पेटी उघडून सासऱ्यांपुढे धरली. आत दहा चिरूट. काळेभोर, तुकतुकीत, बुटाला पॉलिश केल्यासारखे.

काकांना व्यसन सुपारीचंही नाही. त्यांनी वास घेतला नाही, ब्रँड विचारला नाही. एक चिरूट उचलला आणि म्हणाले, "जावईबापू, राग मानू नका. वाटीत जरा पाणी आणता?"

काळ्या रंगाबद्दल काकांचं मत फार वाईट आहे. ते गिरणीतून आलेलं. निळा लॉट डागाळला, मरून शेड चुकली, हिरव्यात पट्टे आले, की तो माल टाकून देत नाहीत, काळ्यात बुडवतात. काळा सगळं पोटात घेतो. "बिघडलेलं सगळं शेवटी काळ्यात जातं," असं त्यांचे डाईंग मास्तर म्हणत. तेव्हा चिरुटावर गुंडाळलेलं तंबाखूचं पान डागाळलेलं असेल, ठिगळाठिगळांचं असेल, तर कंपनीवाला काय करणार? मास्तरांनी केलं तेच.

अंगणातल्या दिव्याखाली दहा घिस्से झाले. मलमल तपकिरी झाली. चांगली चहाच्या चोथ्याइतकी.

"रंगवलंय," काका म्हणाले. "दोन."

मंजू सांगते, की तो आकडा ऐकून तिच्या नवऱ्याचा चेहरा असा झाला की तिला वाटलं ऑफिसातून काढलं की काय. रात्रभर तो लॅपटॉप घेऊन बसला. सकाळी नाश्त्याला त्याने माहितीचा ढीग मांडला. या काळ्या सिगारला मदुरो म्हणतात. सिगारमध्ये आत भरलेली तंबाखू वेगळी, तिला बांधून धरणारं पान वेगळं आणि वरून गुंडाळलेलं देखणं पान वेगळं. प्रश्न फक्त या शेवटच्या पानाचा. ते झाडावर हिरवंच असतं. वखारीत टांगून सुकवलं की पिवळं पडतं, मग तपकिरी होतं. नंतर ओलसर पानांची मोठमोठी गंजी रचतात, ती स्वतःच्या उष्णतेने आतून तापते, आणि जितकी जास्त तापू द्यावी, जितके जास्त महिने ठेवावी, तितकं पान काळवंडतं. आणि रंगांची उतरंड आहे, फिकट ते गडद. क्लारो, कोलोराडो, मदुरो, ओस्कुरो. एक हिरवाही आहे, कांदेला. तोडल्याबरोबर पान झटपट उष्णतेत सुकवलं की हिरवेपणा आतच अडकतो.

काकांनी एवढ्यातलं एकच ऐकलं. "याचं शेडकार्ड असतं?"

पुढच्या शनिवारी दोघे गाडी काढून कनेटिकटला निघाले. तीनेक तासांचा रस्ता. जावयाला सासऱ्यांना खोटं पाडायचं होतं, सासऱ्यांना शेडकार्ड बघायचं होतं. कनेटिकट नदीच्या खोऱ्यात सिगारच्या पानाची शेती पिढ्यान्‌पिढ्या आहे. विंडसर गावात तंबाखूचं संग्रहालय आहे, आणि त्याच गावात १९०० साली शेतावर कापडाचं छत घालून पान सावलीत वाढवायची सुरुवात झाली. हे समजल्यावर काकांनी पहिला प्रश्न विचारला, "कापड कुठलं?" जुन्या काळी सुती होतं, जाळीदार, विरळ विणीचं. काकांच्या डोळ्यांत पाणी यायचं राहिलं. एवढ्या शेतांवर सुती कापड म्हणजे किती माग चालले असतील, याचा हिशेब त्यांनी परत येताना कागदी नॅपकिनवर मांडला. तो नॅपकिन डायरीत आहे.

सावलीतलं पान पातळ आणि फिकट होतं. काळ्या मदुरोला ते चालत नाही, तेवढ्या तापात ते फाटतं. त्याला उन्हात वाढलेलं जाड पान लागतं. कनेटिकटचं ब्रॉडलीफ, नाहीतर मेक्सिकोत वेराक्रूझकडे पिकणारं सान आंद्रेस. हे त्यांना रस्त्याकडेच्या एका वखारीपाशी भेटलेल्या म्हाताऱ्या शेतकऱ्याने सांगितलं. वखार लाकडी, तिच्या भिंतीच्या उभ्या फळ्या बिजागरीवर उघडणाऱ्या, वारा हवा तेवढाच आत घ्यायला. काका त्या फळ्या उघडझाप करून बघत राहिले. मग त्यांनी आपल्या गिरणी-इंग्रजीत थेट प्रश्न टाकला, "सर, धिस ब्लॅक, फास्ट ऑर लूज?"

म्हाताऱ्याने उत्तर म्हणून स्वतःचा तळवा पुढे केला. तो काळा होता. हिरवी पानं हाताळून हाताळून चीक बसतो आणि काळा पडतो, तंबाखू तोडणाऱ्या सगळ्यांचे हात हंगामात तसे होतात. काकांनी क्षणभर त्या हाताकडे पाहिलं, मग डाव्या खिशात हात घातला. जावईबापू हळूच "नाना, नको" म्हणाले. पण म्हाताऱ्याने आपणहून बाटलीतलं पाणी रुमालावर ओतलं. दहा घिस्से. रुमाल जवळजवळ कोराच.

"साडेचार," काका म्हणाले. असा आकडा त्यांनी भारतातही फार क्वचित दिलेला आहे.

नंतर दोघे म्हातारे तासभर बोलले. भाषा अर्धी हातवाऱ्यांची. गंजीच्या पोटात थर्मामीटर खुपसतात, ताप ठरलेल्या हद्दीला गेला की गंजी मोडतात आणि आतली पानं बाहेर, बाहेरची आत करून पुन्हा रचतात. त्या वेळी अमोनियाचा असा भपकारा येतो की नवख्याचे डोळे चुरचुरतात. काकांना हे सगळं ओळखीचं वाटलं. सल्फर ब्लॅकच्या टाकीपाशी नासक्या अंड्यांच्या वासात त्यांनी उमेदीची वर्षं काढलेली. टाकीतून कापड निघतं तेव्हा रंग पुरा झालेला नसतो, त्याला हवा लागावी लागते, मग तो उमलतो. तंबाखूचं पानही हवेनेच तपकिरी होतं. "ऑक्सिडेशन!" काका ओरडले. "येस, येस," म्हातारा म्हणाला. जावईबापूंना त्या दिवशी पहिल्यांदा कळलं, की आपल्या सासऱ्यांना रंगाचा राग नाही. त्यांना रंगाबद्दल न सांगितल्याचा राग आहे.

पण म्हाताऱ्याने जावयालाही सोडलं नाही. म्हणाला, सगळं गंजीतच पिकतं असं नाही. कुणी घाई करतात, पानाला वाफ देऊन काळं करतात. कुणी तंबाखूचीच देठं पाण्यात उकळून तो अर्क पानांवर शिंपडतात, क्यूबाकडे त्याला बेतून म्हणतात. आणि हो, चक्क रंग फासणारेही आहेत. ओळखायचं कसं? सगळे चिरूट एकसारखे काळे, शिराही तेवढ्याच काळ्या, ओठाला काळं लागतंय, तर संशय घ्यावा. खऱ्या पानात शीर वेगळी दिसते, डाग असतात, एका पेटीतली दोन पानं अगदी सारखी नसतात.

परतीच्या वाटेवर गाडीत वाद रंगला तो त्या देठांच्या पाण्यावरून. जावईबापूंचं म्हणणं, तंबाखूचंच पाणी तंबाखूला लावलं तर ती भेसळ कशी? काका म्हणाले, बाहेरून लावलं म्हणजे लावलं. मग बराच वेळ विचार करून त्यांनी निवाडा दिला, की हा रंग नव्हे, ही खळ आहे. आणि खळ ही लबाडी आहे की नाही, ते मास्तरावर अवलंबून असतं.

त्या निवाड्याने धीर येऊन जावयाने इतकी वर्षं गिळलेलं विचारून टाकलं. "नाना, सीमांतपूजनात तुम्ही मला दोन दिले होते."

"तुम्हाला? छे हो. जोड्याला!"

जावयाने गाडी कडेला घेतली, असं मंजू सांगते. पुन्हा रस्त्याला लागल्यावर त्याने भीत भीत विचारलं, "मग मला किती?"

काकांनी खिडकीबाहेर पाहत पुरता मैलभर वेळ घेतला. "रबिंगला चांगले आहात," ते म्हणाले. "वॉशिंग अजून बाकी आहे."

घरी आल्यावर काकांनी पेटी मागितली, दहाही चिरूट खिडकीत उत्तरेच्या उजेडात ओळीने मांडले आणि बराच वेळ काही बोलले नाहीत. एकाचा काळा जरा तांबूस होता. एकावर फिकट ठिपका होता. शिरा वेगळ्या दिसत होत्या. अंगणातल्या पिवळ्या दिव्याखाली हे काही दिसलंच नव्हतं. "दिव्याखाली शेड पाहिली मी," ते मंजूला म्हणाले. "मास्तर असते तर थोबाडीत मारली असती."

पण मग रुमाल का तपकिरी झाला? हा काटा राहिलाच. पाणी खोटं बोलत नाही, मग पाणी काय म्हणालं? हे कोडं काकूंनी सोडवलं, तेही बाळाच्या दुपट्यांच्या घड्या घालता घालता. म्हणाल्या, "अहो, बीट चिरलं की माझी बोटं लाल होतात. ते काय कुणी रंगवलेलं असतं? हळद हाताला लागते, केशर दुधात उतरतं, चहा पाण्यात उतरतो म्हणून तर तुम्ही पिता. जे देवाने दिलंय ते सगळं सुटतंच. सुटत नाही ते तुमच्या गिरणीतलं."

काका तो दिवसभर गप्प होते. गिरणीत पाच आकडा मिळे तो कारखान्यात बनवलेल्या रंगाला, आणि मंडईत ते पाच आकडा शोधत होते निसर्गाकडे, ही गोष्ट त्यांच्या इतक्या वर्षांत लक्षात आली नव्हती. संध्याकाळी बाळाला फिरवताना तिची काजळाची तीट त्यांच्या सदऱ्याला लागली. त्यांनी डाग पाहिला, "एक," म्हणाले, आणि तो आकडा त्यांनी इतक्या आनंदाने पूर्वी कधीच उच्चारला नव्हता.

परत डोंबिवलीला आल्यावर काकांचं समाधान फार दिवस टिकलं नाही. त्यांना आता मदुरो स्वतः करून बघायचा होता. निपाणीकडे आमचे एक नातलग आहेत. तिकडे बिडीची तंबाखू पिकते, त्यांनी गाठोडंभर पानं पाठवली. काकांनी गच्चीत गंजी रचली, वर ओलं गोणपाट, पोटात काकूंचा ताप बघायचा थर्मामीटर. गंजी तापेना. खऱ्या गंजीत टनावारी पान असतं, तेव्हा कुठे ती स्वतःच्या वजनाने नि उष्णतेने आतून पेटल्यासारखी गरम होते. आपल्या गाठोड्याला एवढा ताप कुठला? वास मात्र आला. सोसायटीच्या सेक्रेटरींनी "गच्चीत काय मेलंय ते संबंधितांनी ताबडतोब हलवावं" अशी नोटीस लावली. काकांनी नोटिशीतली शाई ओल्या बोटाने तपासली.

आणि मग एका दुपारी, काकू भिशीला गेलेल्या असताना, वाफेने पान काळं करणाऱ्यांना ज्यांनी कनेटिकटपासून एडिसनपर्यंत नावं ठेवली, त्या माणसाने ती पानं प्रेशर कुकरमध्ये घातली. किती शिट्ट्या झाल्या ते त्यांनी डायरीतही लिहिलेलं नाही. पान मात्र काळं झालं. सुंदर, सारखं, कुठे शीर दिसेना. डायरीत तो तुकडा डकवलेला आहे, शेजारी आकड्याची जागा रिकामी आणि खाली एकच शब्द: "घाई."

त्या रात्रीचं वरण कुणाला गिळवलं नाही. दुसऱ्या दिवशीचंही नाही. काकूंनी रिंग बदलली, कुकर लिंबाने उकळला, चिंचेने उकळला, तरी खिचडीला निपाणीचा वास येतच राहिला. शेवटी दोघं नवा कुकर घ्यायला दुकानात गेले. काकूंनी स्टीलचे, पांढऱ्या अ‍ॅल्युमिनियमचे सगळे बाजूला सारून एक काळा उचलला, हार्ड अ‍ॅनोडाइज्ड. काकांचा हात आपोआप डाव्या खिशाकडे गेला.

"हा काळा रंग दिलेला आहे की कसं?" त्यांनी काउंटरवरच्या पोराला विचारलं.

"रंग नाही काका. प्रोसेसनेच धातू असा होतो."

काकांचा चेहरा उजळला. "म्हणजे पिकवलेला?"

पोरगं गोंधळलं, पण विक्री सोडणारं नव्हतं. म्हणालं, "हो, तसंच काहीतरी. घासून बघा ना, पाणी देऊ?"

दुकानात उत्तर कुठल्या बाजूला आहे हे काका शोधत होते तेवढ्यात काकूंनी पैसे चुकते केले आणि पावती त्यांच्या ओल्या रुमालाखालून ओढून घेतली.